जिम थॉर्प आणि हिरावलेली पदके

ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळवणारे खेळाडू पुष्कळ झाले. मिळालेले पदक परत द्यावे लागलेलेही काही कमी नाहीत. उत्तेजक औषधे घेऊन धावणाऱ्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. परंतु ज्याने मैदानावर लबाडी केली असा आरोप कोणीही कधी केला नाही, ज्याच्या विजयाबद्दल त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मनातही शंका नव्हती, आणि तरीही ज्याची पदके काढून घेण्यात आली, असा खेळाडू विरळाच. जिम थॉर्प हे त्याचे नाव. १९१२ साली त्याने दोन सुवर्णपदके मिळवली, १९१३ साली ती गेली, आणि त्याला पूर्ण न्याय मिळाला तो २०२२ साली. तोपर्यंत त्याला जग सोडून जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती.

मुलांना ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुले धावण्याचा भाग कान टवकारून ऐकतात आणि नियमांचा भाग आला की चुळबुळ करू लागतात. आज पालकही वाचणार आहेत, म्हणून नियमांचा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

जिमचा जन्म १८८७ च्या सुमारास अमेरिकेतील आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला. त्या वेळी ते राज्य अस्तित्वात यायचे होते. त्या मुलखाला इंडियन टेरिटरी म्हणत. आपल्याकडील जुन्या पुस्तकांत ज्यांना रेड इंडियन म्हटले जाई, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी सॅक अँड फॉक्स या जमातीत तो जन्मला. जमातीच्या भाषेत त्याचे नाव वा-थो-हुक. उजळलेली वाट असा त्याचा अर्थ सांगतात. तो चार-पाच वर्षांचा असताना, १८९१ साली, त्याच्या जमातीची बरीचशी जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी करण्यात आली. जे त्या मातीचे मूळ धनी, त्यांनाच तुकडे वाटून दिल्यासारखे झाले.

जिमला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघे एकत्र वाढले, एकत्र शाळेत गेले. आठ-नऊ वर्षांचा असतानाच चार्ली न्यूमोनियाने वारला. त्यानंतर जिमचे मन शाळेत रमेना. तो पळून येई, वडील त्याला पुन्हा नेऊन सोडत. मग त्याला दूर कॅन्सस राज्यातील शाळेत पाठवण्यात आले. तेथूनही तो आला. पुढे आई गेली. १९०४ साली त्याला पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथील औद्योगिक शाळेत दाखल करण्यात आले आणि त्याच सुमारास वडीलही गेले. सतराव्या वर्षाच्या आत मुलगा पोरका झाला. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवावे. ऐन गरजेच्या वेळी त्याचा कागद वाचून, हे कर आणि हे करू नकोस, असे सांगणारे घरचे माणूस त्याला उरले नव्हते.

कार्लाइलची शाळा साधी शाळा नव्हती. रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती १८७९ साली काढली. मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांच्या माणसांपासून शेकडो मैल दूर आणायचे, त्यांचे लांब केस कापायचे, गणवेश चढवायचे, मातृभाषा बोलू द्यायची नाही आणि त्यांना पूर्णपणे गोऱ्यांसारखे करून सोडायचे, हा तिचा उद्देश होता. सुटीत मुलांना घरी न पाठवता गोऱ्या कुटुंबांच्या शेतावर कामाला पाठवले जाई. शिक्षणाचे नाव घेऊन मुलाची भाषा आणि माणसे तोडणाऱ्या अशा शाळांबद्दल आज अमेरिकेतही पश्चात्तापाने बोलले जाते. पण त्या शाळेच्या मैदानाने जिमला ओळख दिली, हेही खरे.

ती ओळख कशी झाली, याची हकीकत त्याच्या सर्व चरित्रांत येते. १९०७ च्या सुमारास एके दिवशी जिम कामाच्या कपड्यांत मैदानावरून चालला होता. उंच उडीचा आडवा बांबू ५ फूट ९ इंचांवर लावला होता आणि शाळेच्या संघातील मुलांना तो काही ओलांडता येत नव्हता. जिमने मीही एकदा पाहू का असे विचारले. मुले हसली. त्याने तशाच ढगळ कपड्यांत आणि बुटांत उडी मारली, पलीकडे गेला आणि आपल्या वाटेने निघून गेला. दुसऱ्या दिवशी शाळेचे क्रीडामार्गदर्शक ग्लेन वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतले. वॉर्नर हे अमेरिकन फुटबॉलमधील मोठे नाव. त्यांनी या मुलाला धावण्याउडण्यात आणि फुटबॉलमध्ये तयार केले. अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नसतो. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे असते आणि अंगावर धडका घ्यायच्या असतात. १९११ साली या लहानशा शाळेच्या संघाने हार्वर्ड विद्यापीठाला १८ विरुद्ध १५ गुणांनी हरवले. दुखावलेल्या पायाने खेळत जिमने चार वेळा चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला. त्या दिवसापासून सारी अमेरिका त्याला ओळखू लागली.

मात्र या दोन गोष्टींच्या मध्ये एक लहानशी घटना घडली होती आणि आपली सारी कथा तिच्याभोवती फिरते. १९०९ च्या उन्हाळ्यात जिम दोन सहाध्यायांबरोबर नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेला आणि तेथील एका दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत रॉकी माउंट या गावच्या संघातून बेसबॉल खेळला. पुढच्या वर्षीही तो त्या स्पर्धेत खेळला. याबद्दल त्याला पैसे मिळाले. रक्कम किरकोळ होती. सामन्याला दोन डॉलरपासून आठवड्याला पस्तीस डॉलरपर्यंतचे आकडे चरित्रकारांनी दिले आहेत. उन्हाळ्यात असे खेळून चार पैसे मिळवणारे महाविद्यालयीन विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते. ते आपले खरे नाव लपवून, भलतेच नाव लावून खेळत. जिम थॉर्प हा जिम थॉर्प याच नावाने खेळला. संघाच्या यादीत, गावच्या वर्तमानपत्रांत, सगळीकडे त्याचे खरे नाव छापून आले.

नाव लपवण्याची गरज का पडे? त्याचे कारण हौशी खेळाडूचा नियम. जो खेळाबद्दल पैसे घेत नाही तो हौशी, घेतो तो धंदेवाईक, आणि ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश. शिवाय एका खेळात पैसे घेतले की माणूस सर्वच खेळांत धंदेवाईक ठरे. बेसबॉलचे दोन डॉलर घेतले की लांब उडीतही तो बाद. हा नियम ऐकायला सोज्वळ वाटतो. खेळ खेळासाठी खेळावा, यात वाईट काय? पण त्याचा उगम पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. इंग्लंडमध्ये हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धांसाठी १८७९ साली हौशी खेळाडूची जी व्याख्या केली गेली, तिच्यात कारागीर आणि मजूर यांना सरळसरळ वगळले होते. हातांनी कष्ट करणाऱ्याचे दंड वल्हवण्यासाठी आधीच तयार असतात, ही त्यामागची तक्रार. घरी ददात नाही त्याने हौशी राहावे, ज्याला पोटासाठी काम करावे लागते त्याने बाहेर थांबावे, असा त्या नियमाचा व्यवहारातला अर्थ होता. स्टॉकहोमच्याच ऑलिंपिकमध्ये सैन्यातील अधिकारी सरकारी पगार घेत असताना तलवारबाजीत आणि घोडेस्वारीत उतरले. ते हौशीच मानले गेले. गरीब घरच्या पोराने उन्हाळ्यात चेंडू मारून मिळवलेले पैसे मात्र कलंक ठरले.

असो. १९१२ च्या जुलै महिन्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे पाचवे आधुनिक ऑलिंपिक भरले. जिम दोन मोठ्या संमिश्र स्पर्धांत उतरला. पहिली पेंटॅथलॉन, म्हणजे पाच प्रकारांची. लांब उडी, भालाफेक, २०० मीटर धावणे, थाळीफेक आणि १५०० मीटर धावणे हे ते पाच प्रकार. त्यांपैकी चार प्रकारांत तो पहिला आला. भालाफेकीत तेवढा तिसरा. नॉर्वेचा फर्डिनांड बी दुसरा आला. त्यानंतर काही दिवसांतच डेकॅथलॉन, म्हणजे दहा प्रकारांची स्पर्धा. उतारू फार झाल्याने ती १३ ते १५ जुलै अशी तीन दिवस चालली. तिच्यात जिमला ८४१२ गुण मिळाले. दुसरा आलेल्या स्वीडनच्या ह्यूगो विस्लँडरपेक्षा हे जवळजवळ सातशेंनी अधिक होते. नऊ प्रकारांनी थकलेल्या अंगाने शेवटची १५०० मीटरची शर्यत त्याने ४ मिनिटे ४०.१ सेकंदांत पूर्ण केली. या दोन स्पर्धांखेरीज स्वतंत्र उंच उडीत तो चौथा आणि लांब उडीत सातवा आला, ते वेगळेच.

स्टॉकहोममधील त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याच्या दोन पायांत दोन निराळे बूट आणि निराळे मोजे आहेत. ऐन स्पर्धेच्या वेळी त्याचे बूट कोणी तरी पळवले, तेव्हा एक मागून घेऊन आणि एक केरातून उचलून त्याने वेळ निभावली, अशी हकीकत सांगतात. माझ्या वर्गातील मुलांना ही गोष्ट सर्वांत आवडते. बूट नाहीत म्हणून शर्यतीला न उतरणाऱ्यांना मी ते चित्र दाखवतो.

स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी स्वतःच्या हातांनी बक्षिसे दिली आणि जगातला सर्वांत मोठा मैदानी खेळाडू म्हणून जिमचा गौरव केला. जिमने साधेपणाने आभार मानले, इतकेच. सुवर्णपदकांबरोबर स्वीडनच्या राजाने आणि रशियाच्या झारने ठेवलेले फिरते चषकही त्याला मिळाले. अमेरिकेत परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. ज्या देशासाठी तो जिंकला, त्या देशाने मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व दिले ते मात्र १९२४ साली, म्हणजे बारा वर्षांनी.

१९१३ च्या जानेवारीच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील एका वर्तमानपत्राने बातमी छापली की, ऑलिंपिकवीर जिम थॉर्प पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला आहे. अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघटनेचे, म्हणजे ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनचे, सर्वेसर्वा होते जेम्स सलिव्हन. त्यांनी खुलासा मागितला. जिमने लेखी कबुली दिली. आपण तेव्हा शाळकरी पोर होतो, जगरहाटी ठाऊक नव्हती, इतर मुले खेळत तसे खेळलो, फक्त त्यांच्याप्रमाणे नाव बदलले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राची भाषा वॉर्नर यांनी घडवली असावी असा अनेक चरित्रकारांचा कयास आहे. वॉर्नर आणि शाळेचे प्रमुख यांनी आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते असे जाहीर केले. शाळेचा उत्तम खेळाडू दोन वर्षे मैदानावर दिसत नाही आणि मार्गदर्शकाला तो कोठे आहे हे माहीत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

संघटनेने त्याला धंदेवाईक ठरवले, निकालपत्रांतून त्याचे नाव खोडले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही त्याच वर्षी तोच निर्णय घेतला. पदके आणि चषक कार्लाइलहून परत गेले.

आता नियमाची दुसरी बाजू पाहा. स्टॉकहोम ऑलिंपिकच्या छापील नियमांतच असे कलम होते की, एखाद्या खेळाडूच्या पात्रतेबद्दल आक्षेप असल्यास तो स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत नोंदवला पाहिजे. स्पर्धा जुलैत संपल्या होत्या. बातमी आली जानेवारीत. सहा महिने उलटून गेलेला आक्षेप त्या नियमाप्रमाणे विचारातच घेता येत नव्हता. म्हणजे एका पोराने नियम मोडला म्हणून त्याला शिक्षा देताना शिक्षा देणाऱ्यांनी स्वतःच नियम मोडला, आणि सत्तर वर्षे ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. जिमच्या बाजूने ते कलम दाखवणारा एकही माणूस त्या वेळी उभा राहिला नाही. शाळेने त्याच्या पायांवर नाव कमावले होते, तिकिटांचे पैसे मिळवले होते. प्रसंग आला तेव्हा शाळेने आपले अंग काढून घेतले. पुढे १९१४ साली अमेरिकन संसदेच्या समितीने कार्लाइलची चौकशी केली, तीत क्रीडानिधीच्या वापराबद्दल वॉर्नर यांच्यावर ठपका आला आणि १९१८ साली शाळाच बंद झाली.

सलिव्हन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०४ साली सेंट लुई येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात निरनिराळ्या देशांतील तथाकथित रानटी जमातींच्या माणसांना, कसलाही सराव न देता, अनोळखी खेळांत उतरवण्यात आले. अर्थातच ती माणसे मागे पडली. त्यावरून गोऱ्यांचे शरीर श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्यात आला. या तमाशाच्या आयोजनात सलिव्हन पुढे होते. आठच वर्षांनी त्याच मूळ रहिवाशांपैकी एकाने गोऱ्यांच्याच दहा खेळांत सगळ्या जगाला मागे टाकले. जिमला शिक्षा देताना सलिव्हन यांच्या मनात हे होते की नव्हते, कोण सांगणार? पण प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. मी गेली काही वर्षे शाळेच्या कबड्डी संघाबरोबर सामन्यांना जातो. वयोगटाच्या सामन्यांत काही वेळा दाखल्यावरची जन्मतारीख आणि मुलाच्या ओठांवरची मिसरूड यांचा मेळ बसत नाही. पकडले गेले की मुलगा बाद होतो, रडत घरी जातो. दाखला कोणी मिळवला, त्यावर सही कोणाची, संघ घेऊन कोण आले, हे कोणी विचारत नाही. एकदा असा एक मुलगा मैदानाच्या कडेला एकटाच बसलेला मी पाहिला. त्याच्या संघाचे शिक्षक चहाला गेले होते. मला त्या वेळी कार्लाइल आठवले. जिमने तर वय, नाव, काहीच लपवले नव्हते.

सुदैवाने त्या प्रकरणात मोठ्या मनाची दोन माणसे होती आणि ती नेमकी त्याचे प्रतिस्पर्धी होती. पेंटॅथलॉनचे सुवर्णपदक आता बी याच्याकडे आणि डेकॅथलॉनचे विस्लँडरकडे जाणार होते. कागदोपत्री तसे झालेही. परंतु विस्लँडरने ते सुवर्णपदक स्वतःचे म्हणून कधीच मानले नाही आणि खरा विजेता थॉर्पच असे तो जन्मभर समजत आला, ही गोष्ट पुढे त्याच्या कुटुंबाने आणि स्वीडनच्या ऑलिंपिक समितीने स्पष्ट केली. बी याच्याबद्दल नॉर्वेच्या क्रीडासंघटनेनेही तसेच कळवले. त्यांची दौड आणि उड्या आज कोणाच्या लक्षात नाहीत. सुवर्णपदक घरी चालत आले असता त्यावर आपला हक्क नाही असे मानणे, हे मला डेकॅथलॉनच्या दहाही प्रकारांपेक्षा कठीण वाटते.

हौशी म्हणून दरवाजे बंद झाले, तेव्हा जिमने उघडपणे धंदेवाईक खेळ पत्करला. १९१३ मध्येच तो न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या बेसबॉल संघात गेला आणि १९१९ पर्यंत वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळला. १९१५ पासून तो ओहायो राज्यातील कँटन बुलडॉग्ज या संघातून पैसे घेऊन फुटबॉल खेळू लागला. १९२० साली धंदेवाईक फुटबॉल संघांनी आपली संघटना स्थापली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष जिम थॉर्प होता. तीच पुढे एन.एफ.एल. या नावाने जगातील अतिश्रीमंत क्रीडासंस्थांपैकी एक झाली. १९२८ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने शेवटचा सामना खेळला.

उरलेले आयुष्य सुखाचे नव्हते, आणि दोष सगळा इतरांचा होता असेही नाही. पहिला मुलगा लहानपणीच गेला, हा घाव त्याच्या मनातून कधी भरला नाही. दारूचे व्यसन जडले. तीन लग्ने झाली, पहिली दोन मोडली. हातात पैसा टिकत नसे. १९३० नंतरच्या मंदीत त्याने चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या, खड्डे खणण्याची मजुरी केली. चित्रपटांत मूळ रहिवाशांच्या भूमिका मूळ रहिवाशांनाच मिळाव्यात म्हणून तो भांडलाही. १९३२ साली ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, म्हणजे त्याच्या दाराशी भरले, तेव्हा तिकीट काढण्याची त्याची ऐपत नव्हती. हे वर्तमानपत्रांतून कळल्यावर अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्याजवळ बसवले. कर्टिस यांच्या आईकडून त्यांच्यात कॉ या मूळ जमातीचे रक्त होते. जिम आला आहे असे कळताच प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले.

१९५० साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडापत्रकारांची मते घेतली, तीत गेल्या पन्नास वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून जिम निवडला गेला. १९५१ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. बर्ट लँकेस्टरने त्याची भूमिका केली. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याच्याजवळ पैसे नव्हते. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे चाकांवरच्या लहानशा घरात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. अंत्यविधीही सरळ पार पडला नाही. ओक्लाहोमात जमातीचे विधी चालू असताना त्याच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तेथून नेले आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक या दोन गावांशी करार केला. ती गावे १९५४ साली एक झाली आणि त्यांनी जिम थॉर्प हेच नाव घेतले. त्याची कबर आजही तेथे आहे. ती आपल्या मुलखात आणावी म्हणून त्याचे मुलगे आणि जमात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ साली त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

पदकांचे काय झाले? १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते अ‍ॅव्हरी ब्रंडेज. हे गृहस्थ स्टॉकहोममध्ये याच दोन स्पर्धांत थॉर्पबरोबर उतरले होते आणि मागे पडले होते. त्यांच्या कारकीर्दीत पदके परत मिळाली नाहीत. यामागे जुना आकस होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. पण न्यायाने बोलायचे तर ब्रंडेज इतरांशीही असेच कठोर वागत. १९७२ साली त्यांनी ऑस्ट्रियाचा नामांकित बर्फखेळाडू कार्ल श्रान्त्स याला जाहिरातीच्या कारणावरून ऐन वेळी बाद केले. १९७३ साली अमेरिकेच्या हौशी संघटनेने जिमला पुन्हा हौशी म्हणून मान्यता दिली. पुढे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलॉन यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून १९१२ च्या नियमांची छापील प्रत शोधून काढली. तीस दिवसांचे कलम तिच्यात होते. इतकी वर्षे ते पुस्तक एका ग्रंथालयात धूळ खात पडले होते.

त्या पुराव्यापुढे १९८२ साली ऑलिंपिक समिती नमली आणि जानेवारी १९८३ मध्ये जिमच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या. पण येथेही हात आखडता घेतला गेला. जिमला बी आणि विस्लँडर यांच्या जोडीचा सहविजेता ठरवले; सातशे गुणांनी जिंकलेला माणूस बरोबरीत आला म्हणे! मध्यंतरी हौशीपणाचा नियमच मोडीत निघाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे कोट्यधीश धंदेवाईक बास्केटबॉल खेळाडू खेळले आणि सुवर्णपदक घेऊन गेले. कोणी ब्रही काढला नाही. शेवटी त्याच्या चाहत्यांनी आणि मूळ रहिवाशांच्या संघटनांनी सह्यांची मोहीम चालवली, बी आणि विस्लँडर यांच्या देशांनी आपली हरकत नसल्याचे कळवले, आणि जुलै २०२२ मध्ये, स्टॉकहोमच्या त्या स्पर्धांना नेमकी एकशे दहा वर्षे होत असताना, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जिम थॉर्प हाच दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता असे जाहीर केले. बी आणि विस्लँडर यांच्या नावांपुढे पुन्हा रौप्यपदक लागले. पुढे मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जिमला मरणोत्तर त्या देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

१९१३ मध्ये परत गेलेली मूळ सुवर्णपदके पुढे संग्रहालयांत ठेवण्यात आली होती. तेथून ती चोरीला गेली आणि अजून कोणाला सापडलेली नाहीत.